बारावा महिना

नागपूरच्या मानेवाड्यात आमच्या घराच्या वरच्या मजल्यावर दोन ब्लॉक किरायाने असतात. करारनामा 11 महिन्यांचा. किरायदार राहतो तोवर घर सांभाळणे सोपे. खरी परीक्षा तो गेल्यावरची.

सामान टेम्पोत चढले की मी आधी लॉकवाल्याला फोन करते, झाडू नंतर. एकदा जुन्या किरायदाराचा साळा राहिलेली बादली न्यायला आला आणि जवळची चाबी लावून सरळ आत. आत नवी सून, एकटी. पोराच्या मनात काही नव्हते, पण पोरगी दोन दिवस जेवली नाही. तेव्हापासून चाब्या परत मिळाल्या तरी भरवसा नाही. डुप्लिकेट चौकात दहा मिनिटांत निघते. सिलिंडरचे, म्हणजे चाबी जाते तो भाग वेगळा निघणारे लॉक असेल तर पूर्ण लॉक बदलायची गरज नसते. दाराच्या कडेचा लांब स्क्रू काढला की सिलिंडर सुटते. तेच दुकानात न्या, लांबी जुळवून नवे आणा. कडी-कोयंडा असेल तर कुलूप नवेच घ्या. मी पैसे वाचवायला दोन्ही ब्लॉकची कुलपे आपसांत बदलली होती! जाणाऱ्याची चाबी शेजारच्या दाराला लागते, हे यांनी दाखवले तेव्हा कळले. अडकणाऱ्या लॉकमध्ये तेल नको, धूळ धरते. पेन्सिलच्या शिशाची पूड टाका.

आपल्या नागपुरात चोराची वाट दारापेक्षा कुलरच्या खिडकीतून. कुलरसाठी ग्रिल कापतात, पावसाळ्यात कुलर उतरवतात, आणि भगदाड पुठ्ठ्याने झाकतात. वेल्डरकडून बाहेरून पिंजरा करून घ्या, कुलर त्याच्या आत बसतो.

आता पैसा, किरायाच्या भरवशावर कर्ज काढून घर घेणाऱ्यांसाठी. 20 लाखांचे कर्ज, 20 वर्षे, साडेआठ टक्के: हप्ता सुमारे 17,350. दोन ब्लॉकचे 9-9 हजार, म्हणजे वाटते भागले. पण किराया वर्षाला 10 महिन्यांचाच धरा. हप्ते 12च लागतात; 28 हजारांवर खिशातून जातात, घरटॅक्स आणि रंग वेगळा. तेवढी रक्कम आधी बाजूला नसेल तर घर घेऊ नका. 30 लाखांपर्यंतच्या कर्जात बँक किमतीच्या 90 टक्क्यांपर्यंत देऊ शकते, पण मुद्रांक आणि नोंदणीचा खर्च सहसा आपलाच. ले-आउटमधला प्लॉट असेल तर टोकन देण्याआधी नासुप्रचा (नागपूर सुधार प्रन्यासचा) आरएल, म्हणजे प्लॉटच्या मंजुरीचे पत्र पाहा. ते नसले की बँकेत फाइल अडते.

करारनामा नोंदवायचाच. 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्यात ती जबाबदारी मालकाची आहे, चुकलात तर 5 हजारांपर्यंत दंड किंवा 3 महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. शिवाय नोंद नसताना भांडण झाले तर अटींबाबत किरायदाराचे म्हणणे आधी खरे धरतात. 9 हजार किराया, 20 हजार डिपॉझिट असेल तर मुद्रांक अडीचशेच्या आसपास, नोंदणी शहरात हजार. त्यात चाब्या किती दिल्या तेही लिहा. आमच्याकडे तीन देतो, चौथी यांच्या कपाटात, पाकिटावर ब्लॉक नंबर टाकून.