ड्रोन घेऊन निघण्याआधी: पिन बघा, मग बाकीचं

बॅटऱ्या चार्ज, प्रोपेलर घट्ट, कार्डात जागा. यावर बोलत बसत नाही. थेट कामाचं सांगतो: व्हिडिओ ट्रान्समीटरची (ड्रोनवरून थेट चित्र पाठवणाऱ्या डबीची) अँटेना काढा आणि तिच्या तोंडात वाकून बघा, मधोमध पिन आहे की भोक.

हसू नका. दिवाळीच्या सुट्टीत मी हौसेनं नवी अँटेना आणली. आटे जुळले, छान घट्ट बसली, गच्चीवर चित्र स्वच्छ. गायरानावर जेमतेम दीडशे मीटर गेलो आणि ड्रोनचं चित्र दाखवणाऱ्या गॉगलमध्ये नुसत्या मुंग्या. घाबरून थ्रॉटल सोडला, ड्रोन शेजारच्या उसात. पात्यांनी हात चिरून घेत दोन तास शोधला. घरी येऊन बघतो तर ट्रान्समीटरच्या सॉकेटात भोक आणि अँटेनातही भोक! अँटेनाच्या कनेक्टरचे एसएमए आणि आरपी-एसएमए असे दोन प्रकार मिळतात. आटे तेच, पिन आणि भोक यांची मात्र अदलाबदल. भोकासमोर भोक आलं की मधली तार कुठे टेकतच नाही. जवळ असताना गळक्या सिग्नलवर चित्र दिसतं, म्हणून संशयही येत नाही. दोन्हीकडे पिना असतील तर आवळताना एकमेकींना वाकवतात. वर ट्रान्समीटरच्या दृष्टीनं हे अँटेना न लावता चालू करण्यासारखंच, म्हणजे तो जळायची तयारी. एकीकडे पिन, दुसरीकडे भोक. बघितलंत? मग पुढचं वाचा.

रेंज म्हटलं की सगळ्यांचा हात आधी पॉवरकडे जातो. अंतर दुप्पट करायला पॉवर चौपट लागते: २५ मिलिवॅटचे १०० करा, मग ४००. उष्णता वाढते, बॅटरी जाते आणि बरोबरच्यांच्या चित्रात तुमचा कचरा जातो. त्यापेक्षा अँटेना नीट धरा, फुकट आहे. दांडीसारखी अँटेना बाजूंना जोरात बोलते, टोकाच्या दिशेला जवळजवळ मुकी असते. रंगपंचमीची पिचकारी रोखल्यासारखं टोक ड्रोनवर रोखणारे मी दर रविवारी बघतो. दांडीचं टोक नको, तिची कूस ड्रोनकडे पाहिजे. चपट्या पट्टीच्या अँटेना असतील तर सपाट बाजू ड्रोनकडे. एक उभी आणि दुसरी आडवी असंही नको, त्यात सिग्नल भयंकर पडतो. छत्रीसारख्या गोल अँटेना लहरी उजवीकडे किंवा डावीकडे फिरवत सोडतात; तशा असतील तर उजवीला उजवी, डावीला डावी.

ड्रोनवरच्या, रिमोटचं ऐकणाऱ्या रिसीव्हरच्या दोन बारीक तारा एकमेकींशी काटकोनात, कार्बनच्या फ्रेमपासून लांब. कार्बन फायबर वीज वाहतो, सिग्नल अडवतो. टोकाचा उघडा भाग २.४ गिगाहर्ट्झला साधारण ३१ मिलिमीटर असतो, पाव तरंगलांबी. नीटनेटकं दिसावं म्हणून तो कापू नका, एकानं कापलेला पाहिला आहे. बोर्डावर टिचबटणासारखा इवलासा कनेक्टर असतो, तो आपटीनंतर सैल होऊ शकतो. दाबून बघा. आणि इथं हात घातलाच आहे तर पिनही पुन्हा बघा.

आता गोंगाट. फोनचा हॉटस्पॉट बंद, ड्रोनवर चिकटवलेल्या ॲक्शन कॅमेऱ्याचं वाय-फाय बंद. तेही बहुधा २.४ मध्येच बोलतं, आणि रिसीव्हरपासून चार बोटांवर बसून. थ्रॉटल दिला की चित्रात पट्टे सरकत असतील तर दोष हवेत नाही, तुमच्याच मोटरच्या ईएससीत (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या सर्किटात) आहे. बॅटरीच्या तारांवर ३५ व्होल्ट, १००० मायक्रोफॅरडचा लो-ईएसआर (कमी अंतर्गत रोधाचा) कपॅसिटर लावा. प्लस-मायनस उलटं केलंत तर फुटतो.

चार जण उडवणार असाल तर चॅनेल आधी बोलून ठरवा. दुसऱ्याचा ड्रोन हवेत असताना आपला चालू करून बघणं म्हणजे त्याचा पाडणं. ५.८ गिगाहर्ट्झच्या रेसबँड या चॅनेल-संचातले आर-७ आणि आर-८ सोडाच: ते ५८८० आणि ५९१७ वर आहेत, आपल्याकडची परवानामुक्त पट्टी ५८७५ मेगाहर्ट्झला संपते. बाहेरून मागवलेलं ९१५ मेगाहर्ट्झचं रिमोट मॉड्यूलही नको, आपल्याकडे ते मोबाइलवाल्यांच्या दारात आहे. एक्सप्रेस-एलआरएस या रिमोट प्रणालीत भारतासाठी ८६६ चा पर्याय आहे, नाहीतर सरळ २.४. आणि नारायणगावकडे जाणार असाल तर खोडदच्या दुर्बिणीपासून लांब राहा. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या तिथं आकाशातले क्षीण रेडिओ संकेत ऐकत असतात. त्यांच्या हिशेबात आपणच गोंगाट.

उभं कुठे राहायचं? उंचवट्यावर, गाडीच्या टपापासून आणि टॉवरपासून दूर, ड्रोनला पाठ न करता. माणूस म्हणजे पाण्याची पखाल, २.४ चा सिग्नल अडवायला पुरेसा. ड्रोन डोळ्यांना दिसतो म्हणजे लहरींची वाट मोकळी असं नाही. ३०० मीटरवर असेल तर मधोमध भोवताली सुमारे ३ मीटर जागा रिकामी लागते, आणि ओला ऊस त्यात घुसला की सिग्नल पिऊन टाकतो. गॉगलचा रिसीव्हर तिपाईवर उंच ठेवा. तसंही आपल्याकडे नजरेच्या टप्प्यातच उडवायचं, सरकारी ड्रोन नकाशावरच्या हिरव्या भागात ४०० फुटांपर्यंत. गॉगल घालणार असाल तर नुसत्या डोळ्यांनी बघणारा सोबती हवाच. पाच किलोमीटरची स्वप्नं सोडा, तीनशे मीटरवर चित्र टिकलं पाहिजे.

म्हणून रेंज चाचणी. प्रोपेलर काढून, रिमोट कमी पॉवरच्या चाचणी मोडवर, ड्रोन सोबत्याच्या हातात, तीसेक पावलं चालत जा. मग चित्रासाठी व्हिडिओ सर्वांत कमी पॉवरवर ठेवून मैदानाच्या टोकापर्यंत. गच्चीवर चित्र आलं ही चाचणी नव्हे, मीच त्याचा पुरावा. प्रोपेलर काढलेलेच असताना रिमोट बंद करून फेलसेफ (संपर्क तुटल्यावर ड्रोननं आपोआप सावरणं) खरंच लागतो का तेही बघा.

बाकी पटापट. जीपीएस असेल तर होम पॉइंट (ड्रोननं परत यायची जागा) लागेपर्यंत थांबा. परतीची उंची सर्वांत उंच झाडाच्या वर. स्वतःची बॅटरी असलेला बझर. उसात त्याच्याशिवाय काही खरं नाही. पूर्ण बाह्यांचा शर्ट. पाणी.

घरी आल्यावर बॅटऱ्या स्टोरेजला, म्हणजे साधारण अर्ध्या चार्जवर, अँटेना काढून डबीत. पुढच्या वेळी लावताना परत वाकून बघायचं, कारण माझ्या डबीत ती भोकवाली अजून पडलेली आहे आणि दिसते अगदी चांगलीसारखीच.