एकट्यानं गेम करताय? आधी कापूस खोलात न्या

यवतमाळ-वर्ध्याकडच्या शेतीवर एकट्यानं व्हिडिओ गेम बनवत असाल, तर मासेमारी, लग्न, शंकरपट (बैलांची शर्यत) सगळं पहिल्याच आवृत्तीत कोंबू नका. प्रत्येक फीचरचा मेनू, आवाज, सेव्ह फाइल आणि बग शेवटी तुम्हालाच निस्तरायचे असतात.

त्यापेक्षा एकच पीक खोलात न्या. कापूस घ्या. पावसानं दडी मारली तर दुबार पेरणी, मग डवरणी (ओळींमधलं तण काढणं), बोंडअळी, तीन-चार वेचे. विकताना ओलावा मोजतात. सीसीआय (कापूस घेणारी सरकारी संस्था) ८ टक्क्यांपर्यंत पूर्ण हमीभाव देते, पुढं कापत जाते, १२ च्या वर घेतच नाही. इथं खेळाडूची खरी पंचाईत: खेडा खरेदीत (गावातच घेणाऱ्या व्यापाऱ्याला) आजच ओला देऊन टाकायचा, की घरात वाळवायचा? अन् तोवर वेचणीची मजुरी कुठून द्यायची? नवं मेकॅनिक (खेळाचा नियम) जवळपास काहीच नाही, डोकं मात्र भरपूर लागतं.

पिकांचे आकडे कोडमध्ये लिहू नका. गोडोमध्ये (गेम बनवायचं सॉफ्टवेअर) रिसोर्स फाइलीत, म्हणजे कोडपासून वेगळ्या माहितीच्या फाइलीत, ठेवा. तूर, सोयाबीन मग बऱ्याच अंशी आकडे भरूनच उभं राहतं. उरलेल्या कल्पना 'नंतर' नावाच्या फाइलीत टाका (शंकरपट मोहात पाडेलच!). पेरणी ते विक्री हा हंगाम शेजारचं पोरगं काही न विचारता खेळून दाखवत नाही, तोवर ती फाइल उघडू नका.