घरात कापूस भरलाय? मग आगीचं आधी बघा

भाव वाढेल या आशेवर कापूस घरातच ठेवायचा, हे मराठवाड्यात दरवर्षीचंच. पुढची खोली आढ्यापर्यंत भरलेली आणि माणसं ओसरीत. ठेवू नका म्हणून सांगण्यात अर्थ नाही, कारण भाव आपल्या हातात नाही. कापसाच्या खोलीत काय असू द्यायचं नाही, ते मात्र आहे.

कापूस भरण्याआधी

त्या खोलीची वीज मेनपासूनच तोडून घ्या. नुसतं बटण बंद करून भागत नाही. कापूस चढत जातो तसा बोर्ड त्याखाली गाडला जातो आणि एखादा सैल जोड गरम होत राहिला तरी कुणाला दिसत नाही. उजेडाला बॅटरी वापरा. देव्हारा त्याच खोलीत असेल तर आधी तो हलवा. बिडी-काडी ओट्याखालीच. आणि कापूस दारापर्यंत रचू नका, बाहेर पडायची वाट मोकळी पाहिजे.

मग मीटरजवळचा फ्यूज उघडून बघा. तो सारखा उडतो म्हणून त्यात मोटारीची जाड तार पिळून घातलेली असते. गावात ज्याला त्याला ही कारागिरी येते. पण बारीक तार वितळून वीज तोडते, तेच तिचं काम. जाड तार तशीच राहते आणि भिंतीतली वायर तापून पेटते. वायरमनकडून एमसीबी (भार वाढला की आपोआप पडणारं बटण) आणि ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (वीज गळाली किंवा शॉक बसला की लगेच तोडणारा) बसवून घ्या, अर्थिंग तपासा. उन्हाळ्यात कूलर एक्स्टेंशनवर चालवू नका.

चूल, गॅस, गोठा

चुलीतली राख उकिरड्यावर टाकताना वर गार लागते, पोटात विस्तव असतो. चैत्र-वैशाखातल्या वाऱ्याला तेवढं पुरतं. शेजारची कडब्याची गंज किंवा पऱ्हाट्यांचा ढीग पेटायला वेळ लागत नाही. राखेवर तांब्याभर पाणी मारून, कालवूनच टाका. गंज घराला आणि विजेच्या तारांना लागून रचू नका.

गॅसची रबरी नळी पाच वर्षांनी बदलायची असते. तारीख नळीवरच छापलेली असते. गॅस हवेपेक्षा जड असल्यामुळे गळला की फरशीलगत साचतो. वास आला तर कुठलंही बटण दाबू नका, चालू करायलाही नाही आणि बंद करायलाही नाही. रेग्युलेटर बंद करा, दारं-खिडक्या उघडा, बाहेर येऊन १९०६ ला फोन लावा.

गोठ्यात जनावरांना सुरगाठीनेच बांधा आणि दाराशी एक विळा खोचून ठेवा. दावं कापायला ऐन वेळी विळा शोधत बसावं लागू नये.

पेट घेतला तर

आधी माणसं बाहेर, मग १०१ किंवा ११२. पाणी मारण्याआधी मेन स्विच बंद. कढईतलं तेल पेटलं तर त्यात पाणी अजिबात नको; गॅस बंद करून वर ताट झाका. अंगावरचे कपडे पेटले तर पळू नका, जमिनीवर लोळा. भाजलेल्या जागी वीस मिनिटं साधं वाहतं पाणी सोडा. टूथपेस्ट, हळद, शाई काही लावू नका.

कापसाची आग फसवी असते. वरून पाणी मारलं की ज्वाळा बसते, लोक घरी जातात, आणि ढिगात धुमसत राहिलेला कापूस रात्री परत पेट घेतो. तो बाहेर ओढून, उघड्यावर पसरून, उलटापालटा करत भिजवावा लागतो आणि रात्रभर पाळत ठेवावी लागते. पण खोलीत धूर कोंडलेला असेल तर कापूस वाचवायला आत शिरू नका. धूर आधी माणसाला पाडतो, जाळ नंतर येतो.

आग विझल्यावर

माळवदाचं घर असेल तर लगेच आत जाऊ नका. वर पांढऱ्या मातीचा थर, त्यात आता पाणी मुरलेलं, आणि तो सगळा भार जळून बारीक झालेल्या लाकडांवर. जाणत्या गवंड्याने खालून टेकू दिल्याशिवाय कुणी पाऊल टाकू नये. वीजही वायरिंग तपासल्यावरच जोडा.

झाडलोट करायची घाई नको. आधी सगळ्या बाजूंनी फोटो काढा, तलाठ्याकडून पंचनामा करून घ्या, पोलिसांत जळिताची नोंद करा. सिलिंडरचा स्फोट असेल तर गॅस एजन्सीला लेखी कळवा, त्याचा विमा वेगळा असतो. ठिणगी महावितरणच्या तारांची असेल तर त्यांनाही लेखी कळवून पोच घ्या. मदतीचा अर्ज तहसीलला. पंचनाम्यात कापसाचं अंदाजी वजन लिहून घ्या, नाहीतर ‘घरगुती साहित्य’ एवढ्यावर सगळं आटोपतं.

भिंतीवरची काजळी आधी कोरड्या फडक्याने झाडा. थेट पाणी लावलं तर ती भिंतीत मुरते. धूर लागलेलं उघडं पीठ, तेल, औषधं टाकून द्या.

सातबारा आणि आधार ऑनलाइन परत निघतात. दहावी-बारावीच्या गुणपत्रिकेसाठी लातूर, नांदेड, धाराशिवच्या लोकांनी लातूर बोर्डाकडे जावं, बाकी पाच जिल्ह्यांनी छत्रपती संभाजीनगरच्या बोर्डाकडे. जळून कोळसा झालेल्या किंवा एकमेकींना चिकटलेल्या नोटा गावातली बँक घेत नाही. त्या रिझर्व्ह बँकेच्या नागपूर किंवा मुंबईच्या कार्यालयात न्याव्या लागतात. गड्डी सोडवत बसू नका, आहे तशी डब्यात ठेवा.