वयात येण्याबद्दलचं पुस्तक: मुलांसाठी कसं निवडावं, कसं तपासावं

मलपृष्ठावर '८ ते १२ वर्षे' असं छापलेलं असतं आणि तेवढं बघून पुस्तक घेतलं जातं. पण या वयोगटात दोन अगदी वेगळ्या मुली बसतात. एकीच्या शरीरात अजून काहीच बदललेलं नाही, दुसरीला पाळी सुरू होऊन वर्ष झालंय. दोघींना एकच पुस्तक पुरत नाही. छापील वय ही फक्त पहिली चाळणी समजा. खरी निवड तीन गोष्टींवर होते: शरीर कुठवर आलंय, वाचन कुठवर आलंय आणि मूल सध्या काय विचारतंय.

कधी घ्यायचं

बदल दिसल्यावर शोधाशोध सुरू केली तर उशीर झालेला असतो. मुलींमध्ये वयात येण्याची सुरुवात साधारण ८ ते १३ या वयात कधीही होते, मुलग्यांमध्ये ९ ते १४. मुलींची पहिली खूण बहुतेक वेळा छातीची असते. स्तनाग्राखाली लहानशी कडक गाठ येते, अनेकदा आधी एकाच बाजूला, आणि धक्का लागला की दुखते. तिथून पाळी यायला साधारण दोन ते अडीच वर्षं लागतात. मुलग्यांची पहिली खूण म्हणजे वृषणांचा आकार वाढणं, आणि ती घरात कुणाच्या लक्षातही येत नाही. आवाज फुटणं, मिसरूड फुटणं हे सगळं त्यानंतरचं. 'आवाज फुटला की बोलू' असं ठरवणाऱ्या घरातला मुलगा तोवर बराच पुढे गेलेला असतो.

म्हणून मुलीसाठी आठव्या वाढदिवसाच्या आसपास, मुलग्यासाठी नवव्याच्या आसपास पहिलं पुस्तक घरात असावं. आईला किंवा मोठ्या बहिणीला पाळी लवकर आली असेल तर सहा महिने-वर्षभर अलीकडे या, कारण वयात येण्याचा काळ बऱ्याच अंशी आनुवंशिक असतो. पुस्तक वर्षभर लवकर आलं तर मूल कंटाळून ते बाजूला ठेवतं, नुकसान एवढंच. वर्षभर उशिरा आलं तर तोवर त्याने वर्गातून आणि मोबाइलवरून उत्तरं गोळा केलेली असतात, आणि आता पुस्तकाला ती आधी खोडून काढावी लागतात.

कोणत्या वयाला किती

युनेस्कोच्या २०१८ च्या सुधारित मार्गदर्शिकेत लैंगिकता शिक्षणाचे चार वयोगट आहेत: ५–८, ९–१२, १२–१५ आणि १५ ते १८ व पुढे. एकच विषय प्रत्येक टप्प्यावर पुन्हा येतो, दर वेळी थोडा खोल. पुस्तकंही अशीच, एकामागून एक घ्यायची असतात. 'सगळं एकाच जाडजूड पुस्तकात' हा सौदा सोयीचा वाटतो, पण आठ वर्षांच्या मुलीला त्यातली अर्धी पानं घाबरवतात आणि तेराव्या वर्षी तिला तेच पुस्तक बाळबोध वाटतं.

पाच वर्षांपर्यंत चित्रांचं पुस्तक पुरे. अवयवांची खरी नावं, कोणते भाग झाकलेले असतात, कुणी कधी हात लावू शकतं आणि 'नको' कसं म्हणायचं, एवढंच त्यात हवं. सहा ते आठमध्ये बाळ कुठे वाढतं, कसं बाहेर येतं आणि मोठं होताना शरीर बदलणार आहे याची पहिली चाहूल. आठ ते अकराचं पुस्तक सर्वांत काळजीने निवडा. खालची सगळी तपासणी मुख्यतः त्याच्यासाठी आहे. अकरा-बारानंतर दुसरं पुस्तक लागतं, ज्यात आकर्षण, संमती, मित्रमैत्रिणींचा दबाव, फोटो पाठवणं-मागणं आणि अश्लील व्हिडिओ यांवर सरळ बोललेलं असतं. गर्भनिरोधन आणि लैंगिक संबंधांतून होणारे संसर्ग यांचा तपशील तेरा-चौदाच्या पुस्तकात शोधा, आठच्या पुस्तकात नको.

वाचन जमेल का

मधलं कुठलंही एक पान मुलाला मोठ्याने वाचायला द्या. अडलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट मोजा. एका पानात पाच बोटं झाली तर पुस्तक एकट्याने वाचण्यासाठी जड आहे; तुम्ही सोबत वाचणार असाल तर चालेल. हा प्रयोग लाज वाटणार नाही अशा पानावर करा, उंची वाढण्याच्या किंवा मुरुमांच्या. भाषा कोणती, हा प्रश्न आला तर मूल ज्या भाषेत तुम्हाला प्रश्न विचारतं त्या भाषेतलं पुस्तक आधी. शाळेच्या माध्यमाची भाषा वेगळी असेल तर त्या भाषेतलं दुसरं पुस्तक नंतर जोडता येतं. अनुवादित पुस्तकात एकाच अवयवाला तीन ठिकाणी तीन नावं आलीत का, तेही बघा. मोठ्यांना ते खटकत नाही, पण मुलांना तीन वेगळे अवयव वाटतात.

पाच पानं उघडून बघा

प्रस्तावना वाचून काही कळत नाही. सगळ्याच प्रस्तावना मोकळ्या मनाच्या असतात. पुस्तक हातात आलं की थेट पुढची पानं काढा.

पहिलं, मुलीच्या शरीराची आकृती. पोटाच्या आतलं गर्भाशय आणि बीजांडकोश बहुतेक पुस्तकांत असतात. बाहेरून दिसणारा भाग मात्र गाळलेला असतो, आणि आरशात मुलीला दिसतो तो नेमका तोच. चांगल्या आकृतीत तीन वेगळी तोंडं स्पष्ट दिसतात: लघवीची जागा, योनिमुख आणि गुदद्वार. शिश्निका, म्हणजे क्लिटोरिस, नावासकट दाखवलेली असते. लघवीची जागा आणि योनी एकच आहे असा समज मोठ्या माणसांतही आढळतो, आणि त्याचं मूळ अशा अर्धवट आकृत्यांत आहे. योनिपटलाबद्दल, म्हणजे योनिमुखाशी असलेल्या पातळ पडद्याबद्दल, काय लिहिलंय तेही वाचा. त्यावरून मुलीचा शरीरसंबंध आला होता की नाही हे ओळखता येतं, असं सुचवणारं वाक्य दिसलं तर पुस्तक परत ठेवा. असं ओळखता येत नाही.

दुसरं, पाळीचं पान. इथे आकडे तपासायचे.

- चक्र: पहिल्या काही वर्षांत २१ ते ४५ दिवसांचं चक्र चालतं. 'दर २८ दिवसांनी येते' एवढंच लिहिलेलं पुस्तक मुलींना विनाकारण घाबरवतं.
- रक्तस्राव: २ ते ७ दिवस. एका पाळीत मिळून साधारण ३०–४० मिलिलिटर रक्त जातं. कपड्यावर ते कितीतरी जास्त वाटतं, म्हणून हा आकडा पुस्तकात असलेला बरा.
- पॅड: दर ४ ते ६ तासांनी बदलायचं, कमी भिजलं असलं तरी. टॅम्पॉनचा (रक्त शोषण्यासाठी योनीत ठेवायच्या बोळ्याचा) उल्लेख असेल तर ८ तासांची मर्यादा आणि तिचं कारण, टॉक्सिक शॉक सिंड्रोम (जिवाणूंच्या विषामुळे होणारा दुर्मिळ पण गंभीर आजार), दोन्ही हवीत.
- पहिला डाग तपकिरीही असू शकतो, हे लिहिलेलं असावं. लाल रक्ताची वाट बघणारी मुलगी तपकिरी डाग पाहून पोट बिघडलं असं समजते.
- डॉक्टरांकडे कधी: तासा-दोन तासांत पॅड पूर्ण भिजत असेल, रक्तस्राव ७ दिवसांपुढे जात असेल किंवा दुखण्यामुळे शाळा बुडत असेल तर.

पाळीतल्या मुलीला अशुद्ध म्हणणारं किंवा तसं सुचवणारं वाक्य आडवळणाने आलं असलं तरी ते पुस्तक नको. उलट टोकाचंही नको. काही पुस्तकं पाळी म्हणजे निव्वळ आनंदसोहळा असल्यासारखी लिहितात, आणि पोटात कळ आलेल्या मुलीला आपलंच काहीतरी चुकतंय असं वाटतं.

तिसरं, मुलग्यांचं पान. बहुतेक पुस्तकं इथेच हात आखडतात. मुलींना चाळीस पानं आणि मुलग्यांना दाढी, आवाज, घाम अशी चार. मुलग्याला रात्री झोप लागू न देणारे प्रश्न वेगळेच असतात. काहीही मनात नसताना वर्गात शिश्न ताठ का होतं? झोपेत चड्डी ओली झाली ती लघवी होती का? एक वृषण दुसऱ्याच्या खाली का लोंबतं? छातीत गाठ आली, मी मुलगी होतोय का? ही शेवटची भीती फार मुलग्यांना पडते, कारण वयात येताना जवळजवळ निम्म्या मुलग्यांच्या स्तनाग्राखाली तात्पुरती गाठ येते आणि बहुधा वर्ष-दोन वर्षांत जिरते. हे एका ओळीत सांगणारं पुस्तकसुद्धा हाताशी असलेलं बरं. झोपेतल्या वीर्यपतनाला आजार म्हणणारं पुस्तक बाद करा. आकृतीत सुंता झालेलं आणि न झालेलं अशी दोन्ही शिश्नं असावीत, आणि टोकावरची त्वचा जबरदस्तीने मागे ओढू नये हे लिहिलेलं असावं.

चौथं, हस्तमैथुनाचं पान. पूर्ण वाचा, चाळू नका. अशक्तपणा येतो, नजर कमी होते, पुढे मूल होत नाही, यातलं काहीही लिहिलेलं असेल तर ते चूक आहे. चांगलं पुस्तक इतकंच सांगतं: त्याने इजा होत नाही, अनेक जण करतात, अनेक जण करत नाहीत, आणि ती एकांतातली गोष्ट आहे. पान मुळातच नसेल तर आठ-नऊ वर्षांच्या पुस्तकात मी तक्रार करणार नाही, बाराच्या पुस्तकात करेन.

पाचवं, सुरक्षिततेचं पान. 'अनोळखी माणसापासून सावध' एवढ्यावर थांबलेलं पुस्तक अपुरं आहे, कारण मुलांवर अत्याचार करणारी व्यक्ती बहुतेक वेळा ओळखीची असते. ओळखीच्या, लाडक्या माणसाबद्दलही सांगता येतं. कुणी हातातला फोन वापरून फोटो मागितला तर तेही सांगायचं. 'हे गुपित ठेव' असं म्हटलं की लगेच सांगायचं. आणि चूक कधीच मुलाची नसते. हे सगळं त्यात हवं. एका मोठ्याने ऐकलं नाही तर दुसऱ्याला सांग, हे वाक्य शोधा. ते सहसा राहून जातं.

याशिवाय मुरुमं चेहरा नीट न धुतल्याने येतात असं लिहिलंय का, हे जाता जाता बघा. मुरुमांचं मूळ हार्मोन्समुळे वाढलेल्या तैलग्रंथींच्या कामात आहे. इथे चुकलेलं पुस्तक इतरत्रही ढिलं निघतं.

वेगळं की एकत्र

'मुलींसाठी' आणि 'मुलग्यांसाठी' अशी वेगळी पुस्तकं मिळतात. पहिलं पुस्तक दोघांची माहिती देणारं घ्या. मुलग्याला पाळी म्हणजे काय हे कळलं नाही तर तो वर्गात चिडवणाऱ्यांत सामील होतो. तपशिलाचं दुसरं पुस्तक वेगळं चालेल. सगळ्यांनाच विरुद्धलिंगी आकर्षण वाटतं असं गृहीत धरून लिहिलेल्या पुस्तकापेक्षा, काहींना तसं वाटत नाही आणि काहींना अजून कुणाबद्दलच काही वाटत नाही, हेही सांगणारं पुस्तक जास्त मुलांच्या उपयोगी पडतं.

बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलासाठी निवडताना एक चूक फार होते: वाचन पाच वर्षांच्या मुलाइतकं आहे म्हणून पाच वर्षांचं पुस्तक. पण शरीर वयाप्रमाणेच बदलत जातं. त्यामुळे मजकूर कमी आणि साधा, पण विषय वयाचाच असलेलं पुस्तक शोधा. पॅड बदलण्याच्या एकेका कृतीला एकेक चित्र असेल तर उत्तम: पाकीट उघडणं, मागचा कागद काढणं, चड्डीला चिकटवणं, वापरलेलं गुंडाळून टाकणं, हात धुणं. 'इथे एकटं असताना, दार लावून' हे दाखवणारं चित्रही हवं.

देताना

आधी स्वतः संपूर्ण वाचा. न पटलेली पानं फाडू नका, स्टेपल करू नका. मूल नेमकं तेच पान उघडेल आणि तुम्हाला काय विचारायचं नाही, हेही शिकेल. जास्तच पुढचं वाटलं तर पुस्तकच वर्षभर थांबवा. पाहुण्यांसमोर भेट म्हणून तर अजिबात देऊ नका.

सुरुवातीला दोन-तीन पानं सोबत वाचा, मग पुस्तक मुलाच्या स्वतःच्या कपाटात जाऊ द्या. ते एकट्याने पुन्हा वाचलं जाणार आहे आणि ते योग्यच आहे. प्रश्न आला तर विचारलं तेवढंच उत्तर द्या. तोंडाने विचारायला संकोचणाऱ्या मुलासाठी एक वही ठेवा: त्याने प्रश्न लिहायचा, तुम्ही उत्तर लिहून वही परत तिथेच ठेवायची.

एकही पुस्तक सगळ्या कसोट्यांना उतरत नाही, असं बहुतेक वेळा होईल. पाळीचं पान चांगलं असलेलं एक आणि मुलग्यांचं पान चांगलं असलेलं दुसरं, अशी जोडी घ्या. आकडा चुकला असेल तर त्या पानाच्या समासात योग्य आकड्याची चिठ्ठी चिकटवा. वैद्यकीय मर्यादा तर बऱ्याच पुस्तकांत नसतातच. त्या शेवटच्या कोऱ्या पानावर स्वतः लिहा: मुलीला ८ वर्षांच्या आत किंवा मुलग्याला ९ वर्षांच्या आत बदल सुरू झाले, मुलीला १३ पर्यंत छातीची वाढ नाही, १५ पर्यंत पाळी नाही, मुलग्याचे वृषण १४ पर्यंत वाढले नाहीत, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवायचं.