कानात दडा बसलाय? मळ मऊ करणारे थेंब असे घाला

अंघोळ करून बाहेर आलात आणि एक कान एकदम बंद झाला. डोकं झटकलं, पाळी ओढली, जांभई दिली, तरी दडा सुटत नाही. पाणी अडकलंय असं वाटतं, पण पुष्कळदा आत आधीच साठलेला मळ पाण्याने फुगलेला असतो आणि उरलीसुरली फट त्याने बुजवलेली असते. अशा वेळी हात आपोआप कापसाच्या काडीकडे जातो. तो कृपया आवरा. मोठ्या माणसाच्या कानाची नळी जेमतेम अडीच सेंटिमीटर लांब असते आणि मळ तयार होतो तो तिच्या बाहेरच्या भागात. त्याला पडद्यापाशी नेऊन ठासण्याचं काम बहुतेक वेळा काडीच करते.

एरवी मळ काढावाच लागत नाही. नळीतली त्वचा हळूहळू बाहेरच्या दिशेने सरकत असते, घास चावताना जबडा हलतो, आणि सुटा झालेला मळ आपसूक बाहेर येतो. म्हणून ऐकू नीट येत असेल आणि त्रास नसेल, तर थेंबही घालू नयेत. दडा बसला, कान जड झाला, आत गुणगुण सुरू झाली, तरच पुढचं वाचा.

आधी हे तपासा

पडद्याला भोक असेल किंवा पूर्वी होतं, कानाचं ऑपरेशन झालं असेल, पडद्यात छोटी नळी बसवलेली असेल, तर स्वतःच्या मनाने थेंब घालू नका. औषध पडद्यापलीकडे, मधल्या कानात उतरू शकतं. कान ठणकतोय, वाहतोय, रक्त आलंय किंवा ताप आहे, तरीही नको. लहान मुलाने कानात काही घातल्याची शंका असेल तर एक थेंबही टाकू नका. कडधान्याचा दाणा ओलाव्याने फुगतो, आणि घड्याळातला चपटा सेल ओल लागली की आतली त्वचा जाळतो. तिथे थेट दवाखाना.

आणखी एक गोष्ट, जी मला फार महत्त्वाची वाटते. एका कानाने अचानक, काही तासांत किंवा दोन-तीन दिवसांत ऐकू येईनासं झालं, तर मळच असेल असं धरून आठवडाभर थेंब घालत बसू नका. आतल्या कानाच्या नसेचा त्रासही असाच सुरू होतो आणि त्यावर उपचार लवकर व्हावे लागतात. त्याच दिवशी कान तपासून घ्या.

कोणते थेंब?

ढोबळमानाने तीन प्रकार मिळतात: ऑलिव्ह किंवा बदाम तेलाचे, सोडियम बायकार्बोनेटचे, आणि पेरॉक्साइडचे, जे कानात गेल्यावर फसफसतात. अमुकच सरस असं ठामपणे दिसलेलं नाही. २०१८ च्या कॉक्रेन समीक्षेतही (अनेक चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणारा आढावा) एक प्रकार दुसऱ्यापेक्षा वरचढ ठरला नाही. त्याच समीक्षेतल्या एका छोट्या चाचणीत पाच दिवस थेंब घातलेल्या कानांपैकी २२ टक्के पूर्ण मोकळे झाले, काहीच न घातलेल्यांपैकी ५ टक्के. म्हणजे उपयोग होतो, पण सगळ्यांचा कान थेंबांनीच मोकळा होईल अशी अपेक्षा ठेवू नका. सुक्या मेव्याची ॲलर्जी असेल तर बदाम तेल टाळा. त्वचा नाजूक असेल तर तेल बरं. पेरॉक्साइडने आग होऊ शकते.

आता प्रत्यक्ष

हात धुवा. बाटलीवर ‘कानासाठी’ लिहिलंय ना, मुदत संपलेली नाही ना, हे उजेडात वाचा. कानाचे थेंब चुकून डोळ्यात गेल्याचे प्रकार घडतात, आणि दोन्ही बाटल्या सारख्याच दिसतात.

मग बाटली दोन-तीन मिनिटं मुठीत धरून बसा. ही पायरी अनेक जण गाळतात. मीही गाळली होती. आईच्या कानात मी गार बाटलीतले थेंब तसेच सोडले आणि तिने पलंगाची कड घट्ट धरली. खोली फिरल्यासारखी वाटत होती तिला. गार द्रव आत गेला की तोल सांभाळणारा आतला भाग गोंधळतो आणि गरगरतं. मिनिटाभरात ते थांबलं, पण तिचा घाबरलेला चेहरा विसरता येत नाही. उलट टोकही नको: बाटली विस्तवावर किंवा उकळत्या पाण्यात गरम करू नका. अंगाइतकी ऊब पुरते.

दडा बसलेला कान वर करून कुशीवर पडा. मोठ्यांची पाळी वर आणि मागे ओढायची. तीन वर्षांखालच्या मुलांची खाली आणि मागे, तेही डॉक्टरांनी थेंब सांगितले असतील तरच. त्याने वाकडी नळी सरळ होते. ड्रॉपरचं टोक कानाला टेकू न देता थेंब नळीच्या कडेवर सोडा, म्हणजे हवा बाहेर निघते आणि औषध कडेकडेने ओघळत आत जातं. तेल असेल तर साधारण दोन-तीन थेंब, दिवसातून तीन-चार वेळा; इतर औषधांचं प्रमाण बाटलीवर दिलेलं असतं, तेच पाळा.

थेंब पडले की कानाच्या तोंडाशी असलेला छोटा उंचवटा बोटाने हलकेच चार-पाच वेळा दाबा. मग पाच ते दहा मिनिटं तसंच पडून राहा. पेरॉक्साइड असेल तर बुडबुडे फुटल्याचा चुरचुर आवाज अगदी जवळून येतो. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. उठताना सावकाश उठा, टिशू धरून जे ओघळेल ते टिपा. कापसाचा बोळा आत कोंबू नका, तो औषधच शोषून घेतो.

पहिले दोन दिवस

इथे बरेच जण धीर सोडतात. मळ भिजून फुगतो आणि ऐकू आणखीच कमी येतं. असं होऊ शकतं, हे ठाऊक असलं की पुन्हा काडी उचलली जात नाही. तेल तीन ते पाच दिवस घाला. पेरॉक्साइडच्या थेंबांपैकी कार्बामाइड पेरॉक्साइड चार दिवसांपेक्षा जास्त नको. श्रवणयंत्र असेल तर थेंब घालताना काढा आणि कान कोरडा झाल्यावरच परत लावा.

मळ पिवळट-तपकिरी चिकट डागासारखा उशीवर उतरतो किंवा नुसताच विरघळून जातो. खडाच पडला पाहिजे असं नाही. ठणका, जळजळ, पुरळ किंवा न थांबणारी चक्कर आली तर थेंब तिथेच बंद करा.

पाच दिवसांनीही दडा तसाच असेल तर नवी बाटली आणू नका. कानाचे डॉक्टर आत बघत बघत मळ ओढून किंवा धुऊन काढतात, आणि भिजलेला मळ सहज निघतो, त्यामुळे तुमचे पाच दिवस वाया गेलेले नसतात. मधुमेह असेल किंवा पडदा पूर्वी फाटला असेल तर ते कान धुण्याआधीच सांगा, आणि थेंबांची बाटली सोबत न्या.