लोहगाव ते दिल्ली, एकही पेग न घेता

दारू सोडून चौदा महिने झाले आणि ऑफिसने पुण्याच्या लोहगाव विमानतळावरून दिल्लीचं तिकीट हातात ठेवलं. पूर्वी विमान म्हटलं की घरून दोन पेग मारून निघायचो, विमानतळावर आणखी एक. देशांतर्गत विमानात दारू देत नाहीत ना, म्हणून साठा आधीच! भीती गेली कधीच नव्हती, नुसती झिंगून पडलेली असायची.

या वेळी आदल्या रात्री एएमधल्या (अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, दारू सोडणाऱ्यांचा आधारगट) माझ्या स्पॉन्सर काकांना, म्हणजे तिथल्या माझ्या अनुभवी वाटाड्याला, फोन केला. "लोहगावला पोचलास की फोन कर, आत गेलास की परत कर. बारकडे फिरकू नकोस, बस्स." खिशात आलेपाक घेतला. सीट पंखाजवळची मागितली, तिथे हादरे कमी जाणवतात.

उडाल्यावर खालून धाडकन आवाज. चाकं आत जातात, तो. मग इंजिनाचा आवाज उतरतो. पूर्वी वाटायचं, बंदच पडलं! खरं तर वर चढताना वैमानिक जोर मुद्दाम कमी करतात. चार मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर.

शेजारच्या आजींनी माझी आवळलेली मूठ पाहिली. "पहिल्यांदाच का रे?"

विसावी खेप असेल. पण शुद्धीत पहिलीच.

"हो आजी," म्हणालो आणि आलेपाक पुढे केला.