घरातील बदलांसाठीची तपासणी लांबू नये म्हणून

रुग्णाच्या घरात कोणते बदल हवेत हे पाहायला येणाऱ्या ऑक्युपेशनल थेरपिस्टच्या (रोजची कामे स्वतः करता यावीत म्हणून मदत करणाऱ्या तज्ज्ञाच्या) भेटीची तारीख आपल्या हातात नसली, तरी अपुऱ्या माहितीमुळे या तपासणीचा अर्ज रखडणे बरेचदा टाळता येते. ‘चालताना त्रास होतो’ असे मोघम लिहिण्याऐवजी रुग्ण न्हाणीघराचा उंबरठा कशाला धरून ओलांडतो, गेल्या ३ महिन्यांत किती वेळा पडला, हे नेमके लिहावे, कारण प्राधान्य बहुधा धोका पाहून ठरते. दाराची रुंदी मोजताना चौकट नव्हे, तर दार पूर्ण उघडल्यावर मिळणारी मोकळी जागा मोजावी. पायऱ्यांची एकूण उंचीही कळवावी, कारण १:१२ उताराच्या (१ भाग उंचीला १२ भाग लांबी) रॅम्पला १५ सेंटिमीटर उंचीसाठी १८० सेंटिमीटर लांबी लागते. घर भाड्याचे असल्यास मालकाची लेखी संमती आधीच मागावी. अर्जानंतर प्रकृती ढासळल्यास तेही लगेच लेखी कळवावे. नुसत्या फोनची नोंद राहीलच असे नाही.